अर्ध्या फेरीत अडणारं इंजिन : गवत कापायच्या मशीनचं एक प्रकरण

मुळशी रस्त्यावर, भूगावच्या पुढे, एका निवासी शाळेचं मोठं मैदान आहे. मैदानावर हरळी आहे आणि ती कापायला शाळेकडे बसून चालवायचं मशीन आहे. कुणी त्याला राइड-ऑन म्हणतं, कुणी नुसतंच मोअर. एक सिलिंडर, उभा क्रँक, हवेने थंड होणारं सुमारे ५०० सीसीचं आणि १७.५ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन, खाली दोन पात्यांचा डेक, १२ व्होल्टची बॅटरी आणि चावीचा सेल्फ. मुळशीच्या बाजूला पुणे शहरापेक्षा पाऊस बराच जास्त पडतो. त्यामुळे मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत या मशीनला उसंत नसते आणि उन्हाळाभर ते पत्र्याच्या शेडमध्ये उभं असतं.

तक्रार अशी होती : चावी मारली की इंजिन अर्धी फेरी घेतं, धक्का बसून अडतं. कधी दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात पुढे सरकतं, कधी सेल्फ नुसता कण्हतो आणि बॅटरी उतरते. गेल्या हंगामाच्या शेवटी हे अधूनमधून व्हायचं. या वर्षी जूनमध्ये शेडमधून मशीन बाहेर काढलं तेव्हा ते कायमचंच झालं, आणि जेव्हा इंजिन कसंबसं फिरलं तेव्हाही ते पेटलं नाही.

आमच्याकडे मशीन येईपर्यंत त्यावर बराच खर्च झाला होता. बॅटरी नवी. सेल्फची मोटर उतरवून आर्मेचर पुन्हा बांधून घेतलेलं, कार्बन ब्रश नवे. सेल्फला करंट जोडणारा सोलेनॉइडही नवा. एवढं करूनही इंजिन अडतंच म्हटल्यावर एका मेकॅनिकने निदान केलं की इंजिन आतून जाम होतंय, ब्लॉक खोलून रिबोअर करावं, म्हणजे सिलिंडर आतून पुन्हा कोरून घ्यावं लागेल. तो आकडा ऐकून शाळेच्या व्यवस्थापक मॅडमनी फोन केला. "खोलण्याआधी एकदा तुम्ही बघून सांगा, मग आम्ही ठरवतो," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. अशा वेळी थांबून विचारणारा मालक भेटणं ही मोठी गोष्ट आहे. बदललेले भाग परत करता येत नाहीत, आणि उगाच खोललेलं इंजिन कारखान्यातून आल्यासारखं पुन्हा बसतंच असं नाही.

काकांची युक्ती

मशीन चालवणारे माळीकाका गेली कित्येक वर्षं तिथे आहेत. आत्तापर्यंत आलेल्या कुणीही त्यांना काही विचारलेलं नव्हतं. मी विचारलं, "काका, गेल्या वर्षी असं अडायचं तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"काय न्हाय साहेब. चावी बंद करायची, वरच्या जाळीला हात घालायचा अन् उलटं फिरवायचं. जरा मागं घेतलं की मग चावी मारायची. लगेच फिरायचं."

"उलटं फिरवताना कुठे अडायचं?"

"अडायचं की. तिथवरच न्यायचं. तिथनं सोडलं की बरोबर जोर घ्यायचं."

जाळी म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर फ्लायव्हीलसोबत फिरणारी गोल जाळी. काकांनी जे सांगितलं त्यात निम्मं निदान होतं. फ्लायव्हील उलटं फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनपासून, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबली जाते त्या टप्प्यापासून, लांब नेला, की सेल्फला कॉम्प्रेशनपर्यंत पोचायला जवळपास दोन फेऱ्यांची मोकळी धाव मिळते. सायकलवाल्याला चढाआधी सपाटीवर वेग घेता आला की चढ पार होतो, तसंच. म्हणजे इंजिन दर वेळी ठरावीक जागीच अडत होतं, आणि ती जागा कॉम्प्रेशनची होती. बेअरिंग धरलं असतं किंवा पिस्टन सिलिंडरला घासून चिकटत असता, तर धाव मिळून उपयोग झाला नसता, आणि हाताने उलटं फिरवतानाही ते जड लागलं असतं.

इथे एक ताकीद द्यायलाच हवी. जाळीला हात घालण्याआधी प्लगची टोपी काढून बाजूला ठेवलीच पाहिजे. काका फक्त चावी बंद करायचे. चावीचा स्विच किंवा कॉइल बंद करणारी तार खराब असेल, तर चावी बंद असूनही प्लगला करंट येऊ शकतो. खाली पाती आहेत आणि वर बोटं. काकांना हे दाखवून दिलं, आणि त्यांनी ते लगेच मानलं.

आधी मोजमाप

काकांचं म्हणणं बरोबर असणार असं वाटत होतं, तरी बॅटरी आणि तारांची बाजू मोजून निकालात काढायची होती. नाहीतर पुढे काही बिघडलं की बोट पुन्हा तिकडेच जाणार.

बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. प्लग काढून सेल्फ मारला तर इंजिन भराभर फिरलं, आणि त्या वेळी बॅटरीवर ११ च्या वर व्होल्ट होते. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा आला नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल साचून पिस्टन अडतोय हीही शक्यता गेली. कार्बोरेटरची सुई गळत असेल तर हे होतं, आणि तेव्हा ऑइलची पातळी वाढून त्याला पेट्रोलचा वास येतो. इथे ऑइल काळं होतं, पण पातळी योग्य होती आणि वास नव्हता. प्लग काढल्यावर ते इतकं मोकळं फिरलं तेव्हाच "आतून जाम" हे निदान निकालात निघालं. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिला एक प्लगपान्हा लागतो. रिबोअरची भाषा होण्याआधी ती व्हायला हवी होती.

प्लग पुन्हा लावून सेल्फ मारला की इंजिन अडायचं आणि व्होल्टेज ८ च्या आसपास कोसळायचं. आधीच्या मंडळींनी नेमका हा आकडा पाहून बॅटरी बदलली असावी. पण मोटर जागच्या जागी अडली की ती बॅटरीतून प्रचंड करंट ओढते आणि व्होल्टेज पडतंच. पडलेलं व्होल्टेज इथे परिणाम आहे, कारण नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या करायला सोपा मार्ग असा : सेल्फ मारत असतानाच मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर धरायचं. तिथे ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला, म्हणजे अर्थिंग ठीक. तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलपासून सेल्फच्या स्टडपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आत. तारा, लग, सोलेनॉइड, सगळं निर्दोष. सेल्फला जे मिळायला हवं ते मिळत होतं. त्याच्या ताकदीबाहेरचं काम त्याच्यावर येत होतं.

आधीच्या मेकॅनिकने कॉम्प्रेशनही मोजलं होतं. गेजवर १३५ पीएसआय आले होते आणि "कॉम्प्रेशन एकदम मस्त" असा शेरा मिळाला होता. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका आकडा हाच होता, आणि तो उलटा वाचला गेला. मोटरसायकलच्या सवयीने बघितलं तर १३५ चांगलं. या जातीच्या इंजिनात सेल्फच्या मंद गतीला एवढं कॉम्प्रेशन यायलाच नको.

कॉम्प्रेशन सोडणारी यंत्रणा आणि टॅपेट

एवढ्या मोठ्या एका सिलिंडरला पूर्ण कॉम्प्रेशनविरुद्ध फिरवायचं तर सेल्फ आणि बॅटरी दोन्ही बरीच मोठी लागतील. म्हणून या इंजिनांच्या कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, एक छोटी व्यवस्था असते. मंद गतीत कॅमच्या गोल भागावर एक बारीकसा उंचवटा बाहेर आलेला असतो. कॉम्प्रेशनच्या वेळी तो एग्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो, थोडी हवा निसटते आणि पिस्टन सहज वर जातो. इंजिन पेटून गती वाढली की कॅमवरचं वजन बाहेर फेकलं जातं, उंचवटा आत जातो आणि कॉम्प्रेशन पूर्ण मिळू लागतं.

हा उंचवटा व्हॉल्व्हला फार थोडं उचलतो, मिलिमीटरचा एक छोटा अंश. आणि कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या साखळीत पुशरॉड आणि रॉकर आहेत, तिथे टॅपेटची फट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली बारीक मोकळी जागा, असते. ही फट वाढली की उंचवट्याची सगळी उचल ती फट भरण्यातच संपते. रॉकर हलतो, पण व्हॉल्व्हला टेकत नाही. यंत्रणा शाबूत असूनही निरुपयोगी होते, आणि सेल्फला पूर्ण कॉम्प्रेशनशी झुंजावं लागतं. व्हॉल्व्ह मुख्य कॅमने मात्र उघडतच राहतात, म्हणून एकदा पेटलं की इंजिन बऱ्यापैकी चालतं. त्यामुळे टॅपेटवर कुणाचा संशय जात नाही.

व्हॉल्व्ह कव्हरचे चार बोल्ट काढले. फट मोजण्याआधी पिस्टन योग्य जागी आणावा लागतो, आणि या इंजिनात ती जागा टीडीसी (पिस्टनची सर्वांत वरची जागा) नाही. कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर तो उंचवटा एग्झॉस्टला अजून हात देत असू शकतो आणि फट खोटी दिसते. म्हणून टीडीसीच्या पुढे सुमारे ६ मिलिमीटर पिस्टन खाली उतरू द्यायचा. प्लगच्या भोकातून प्लास्टिकची नळी पिस्टनवर टेकवून, नळीवर खूण करून हे करता येतं. लोखंडी स्क्रूड्रायव्हर आत घालू नका; तो तिरका अडकला तर पिस्टनवर आणि प्लगच्या आट्यांवर ओरखडे पाडतो.

फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा संच, घातला. इंजिनाच्या पुस्तकाप्रमाणे इनटेकची फट ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर आणि एग्झॉस्टची ०.१३ ते ०.१८ हवी. इनटेकला ०.१८ निघाली. एग्झॉस्टला ०.४५ ची पट्टी आत-बाहेर खेळत होती. एग्झॉस्ट रॉकरच्या नटाला जागेवर धरणारा लॉक-स्क्रू बोटाने फिरत होता. नट हळूहळू सुटत गेला आणि फट वाढत गेली. तक्रारही अशीच वाढत गेली होती : आधी अधूनमधून, मग रोज, मग कायम.

पुशरॉड बाहेर काढून काचेवर लोळवले; दोन्ही सरळ. काढताना इनटेकचा कुठला आणि एग्झॉस्टचा कुठला हे खूण करून ठेवायचं, कारण ते परत त्याच जागी बसले पाहिजेत. रॉकरचे स्टड घट्ट होते. एग्झॉस्टची फट ०.१५ आणि इनटेकची ०.१० वर घेतली. लॉक-स्क्रू आवळताना नट थोडा फिरतो, म्हणून नटाला पान्ह्याने धरून आवळायचा आणि नंतर पुन्हा मोजायचं. आवळण्याआधी मोजलेला आकडा धरू नये. त्यानंतर क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून तिसऱ्यांदा पाहिलं, आकडे तेच.

कव्हरचं पॅकिंग मात्र तुटलं होतं. या इंजिनाचं तयार पॅकिंग पुण्यात लगेच मिळत नाही. नाना पेठेत दुचाकीच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांतून कॉर्क-रबरची शीट आणली आणि कव्हर ठेवून त्या मापाचं कापलं. अशा साध्या जागी हे चालतं. सिलिंडर हेडचं पॅकिंग असं घरी कापू नये.

सेल्फ मारला. इंजिन एका लयीत फिरलं, कुठेही धक्का नाही. गेज लावून कॉम्प्रेशन पुन्हा पाहिलं तर ७० च्या आसपास. अशा इंजिनात आकडा कमी झाला याचा अर्थ यंत्रणा परत कामाला लागली. जुना सोलेनॉइड आणि जुनी बॅटरी यात काही दोष होता की नाही ते आता कळायला मार्ग नव्हता. ते दोन्ही भंगारात गेले होते.

ब्लोअरचं आवरण उघडलं होतं म्हणून आतही पाहिलं. हेडच्या पंख्यांमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये, जुनं ओलं गवत वाळून घट्ट बसलेलं, आणि एका कोपऱ्यात उंदरांनी भाताचा पेंढा आणि सुतळी आणून घर केलेलं. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला दुसरा कुठलाही आधार नसतो. पंखे बुजले की हेड तापतं, ऑइल पातळ होतं आणि रॉकरची जोडणी झिजते. इनटेकची फट थोडी वाढली ती बहुधा यातूनच. लाकडी काडीने आणि हवेने सगळं साफ केलं. पाण्याचा प्रेशर मारला नाही, कारण तिथेच कॉइल आहे. ऑइल बदललं, सुमारे दीड लिटर लागतं.

फिरतंय, पण पेटत नाही

दोन दोष एकावर एक चढलेले असले की पहिला काढल्यावर दुसरा दिसतो, आणि तेव्हा माणसाला वाटतं की पहिली दुरुस्तीच चुकली. म्हणून मी नेहमी दोन प्रश्न वेगळे ठेवतो : इंजिन नीट फिरतंय का, आणि फिरल्यावर पेटतंय का. पहिल्याचं उत्तर आता मिळालं होतं.

बराच वेळ सेल्फ मारूनही प्लग कोरडा. टेस्टर लावून पाहिला तर करंट निळा आणि जोरदार. हवेच्या वाटेत चमचाभर ताजं पेट्रोल टाकून सेल्फ मारला, तर इंजिन लगेच पेटलं आणि क्षणात बंद पडलं. म्हणजे करंट आहे, कॉम्प्रेशन आहे, पेट्रोल पोचत नाही. (हे मोकळ्या हवेत, एअर फिल्टरचं घर परत बसवून आणि तोंड लांब ठेवून करायचं. उलटा भडका येऊ शकतो.)

या कार्बोरेटरच्या वाटीखाली एक छोटा सोलेनॉइड असतो. चावी चालू केली की तो आत ओढला जातो आणि जेटची, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाची, वाट मोकळी होते. चावी बंद केली की वाट बंद. त्याचा 'टक्' आवाज येत होता आणि तारेवर पूर्ण १२ व्होल्ट होते. मग वाटी रिकामी केली, पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं आणि तासभर ठेवलं. दोन थर झाले. वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ पाण्यासारखा थर. टाकीतलं पेट्रोलही तसंच, आणि ते ऑक्टोबरपासून अर्धी टाकी भरून ठेवलेलं होतं. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं आणि शेडचा पत्रा नेमका वर गळत होता.

इथे थोडं पेट्रोलबद्दल बोलायला हवं, कारण पुढची काही वर्षं लहान इंजिनांच्या निम्म्या तक्रारी इथूनच येणार असं मला वाटतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सुरू झालं आणि २०२५ मध्ये देशाने सरासरी २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य गाठलं. या मशीनच्या पुस्तकात मात्र १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलेलं आहे. इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं. थोडं पाणी असेपर्यंत सगळं एकजीव राहतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, आणि कार्बोरेटर ओढतो तो तळाकडूनच. रोज चालणाऱ्या दुचाकीत ही वेळ सहसा येत नाही, कारण टाकी सतत रिकामी होऊन भरत असते. सात-आठ महिने उभ्या राहणाऱ्या मशीनमध्ये येते.

कार्बोरेटर खोलला तेव्हा आतल्या धातूवर पांढरी भुकटी होती आणि मुख्य जेटच्या तोंडाशी हिरवट खर. पायलट जेट पूर्ण बंद. क्लीनर स्प्रे आणि हवेने सगळ्या वाटा मोकळ्या केल्या. जेटमध्ये पिन किंवा कडक तार घालू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग इंजिन आयुष्यभर वेगळंच मिश्रण घेतं. पेट्रोलची रबरी नळी फुगून मऊ झाली होती आणि तिच्या आतल्या बाजूचे पापुद्रे फिल्टरमध्ये अडकले होते. नळी इथेनॉल सहन करणारी घेतली, फिल्टर नवा. जुनं पेट्रोल जमिनीत न ओतता झाकणाच्या कॅनमध्ये भरून जळक्या ऑइलबरोबर दिलं. शाळेच्या आवारात विहीर आहे, त्यामुळे यावर मी अडून बसलो.

ताज्या पेट्रोलवर इंजिन पहिल्याच चावीला पेटलं.

मुलांचं मैदान

दुरुस्ती इथे संपली असती, पण वायरिंग पाहताना सीटखाली दोन गोष्टी दिसल्या, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणात त्याच सर्वांत गंभीर होत्या.

इंजिन का चालू होत नाही हे शोधताना कुणीतरी सीटचा स्विच बाद केला होता. तारा कापून एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळलेली. हा स्विच चालवणारा सीटवर आहे की नाही ते बघतो. पाती फिरत असताना माणूस उठला किंवा उतारावर मशीन कलंडून तो खाली पडला, तर स्विच कॉइलला अर्थ करून इंजिन बंद पाडतो. तो काढून टाकला तर चालक नसलेलं, फिरत्या पात्यांचं मशीन मैदानावर सुटू शकतं. हे मैदान मुलांचं आहे. स्विच खरोखर खराब आहे का ते मीटरवर कंटिन्यूइटी लावून एका मिनिटात कळतं; इथे तो ठणठणीत होता. तारा सोल्डर करून, वर श्रिंक ट्यूब चढवून पूर्ववत केल्या. मग काकांना सीटवर बसवलं, पाती चालू केली आणि त्यांना सीटवरून किंचित उठायला सांगितलं. इंजिन लगेच बंद पडलं. ही परीक्षा झाल्याशिवाय मशीन परत देणं योग्य नाही.

दुसरी गोष्ट गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाची गती बांधून ठेवणाऱ्या यंत्रणेची. इंजिन कमजोर वाटतंय म्हणून स्प्रिंग दुसऱ्या भोकात अडकवून गती वाढवलेली होती. टॅकोमीटरवर बिनभार मिनिटाला ३,७०० फेरे दिसले. पुस्तकात कमाल ३,३०० च्या आसपास आहे. पात्याची गती इंजिनाच्या गतीबरोबर वाढते, आणि पात्याच्या टोकाच्या वेगाला अमेरिकी मानकात मिनिटाला १९,००० फूट अशी मर्यादा घातलेली आहे ती उगाच नाही. पात्याखाली आलेला खडा त्याच वेगाच्या हिशेबाने बाहेर उडतो. स्प्रिंग मूळ भोकात लावली, गती ३,३०० वर आणली.

गती खाली आणल्यावर एक बारीक दोष उरला. बिनभार असताना इंजिन किंचित वर-खाली होतं, ज्याला हंटिंग म्हणतात. पाती लावली, गवतात घातलं, की ते पूर्ण थांबतं. जेट, हवेची गळती, गव्हर्नरचा दुवा, सगळं तपासलं, ठीक आहे. उरलेलं कारण पेट्रोलच्या गुणात आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९, आणि ई-२० ला साडेतेराच्या आसपास. ठरावीक भोकाच्या जेटला हे कळत नाही, तो जुन्याच प्रमाणात पेट्रोल देतो, आणि मिश्रण पातळ पडतं. गाड्यांमधले सेन्सर हे भरून काढतात, इथे सेन्सर नाही. थोडं मोठं जेट बसवता येईल, पण तापमान आणि प्लगचा रंग एक हंगाम बघितल्याशिवाय मी ते करणार नाही. भाराखाली इंजिन स्वच्छ चालतंय, प्लग फिका तपकिरी आहे, पांढरा नाही. आत्ता एवढं पुरे.

काकांशी बसून हंगामानंतरचं ठरवलं. शेवटची कापणी झाली की पेट्रोलची कळ बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग वाटीचा तळाचा स्क्रू सोडून उरलेला थेंब काढायचा. टाकीतलं पेट्रोल ताजं असतानाच काढून शाळेच्या दुचाकीत वापरायचं. बॅटरी सोडवून महिन्याला एकदा चार्ज करायची. ब्लोअरची जाळी दर आठवड्याला पाहायची, पावसात रोज. शेडचा पत्रा शाळेने लगेच बदलला.

मॅडमनी विचारलं, आधीचा खर्च टळला असता का. मी त्यांना फिलर गेजच्या दोन पट्ट्या दाखवल्या : ०.१५ आणि ०.४५. दोन्ही बोटात धरून फरक हाताला कळतो. पुढच्या वेळी कुणीही मोठा भाग बदला म्हटलं, तर आधी काय मोजलं आणि किती आलं ते बिलाच्या मागे लिहून मागा, असं सांगितलं. त्यांनी त्यासाठी मशीनची वेगळी वही घातली आणि तिच्यात रोजची नोंद काका करतील असं ठरलं.

गणपतीनंतर, मशीन साधारण ३० तास चालल्यावर, कव्हर पुन्हा उघडलं. एग्झॉस्टची फट ०.१५ वर कायम होती आणि लॉक-स्क्रू जागचा हलला नव्हता. इनटेकची फट ०.१० वरून ०.१२ झाली आहे. मर्यादेत आहे, पण इतक्या कमी तासांत सरकली, म्हणजे रॉकरची झीज चालू आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिसरं मोजमाप घ्यायचं आणि ०.१३ च्या पुढे गेली तर रॉकर आणि त्याचा नट दोन्ही बदलायचे, असं वहीत लिहून आलो.